माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ४९ दिवस झाले, आता ६१४ पानांचे पैसे भरा म्हणतायत. काय करू?

शाईचा_डाग
२४ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, रिटायर होऊन तीन वर्षं झाली. निवडश्रेणीचा (ठरावीक वर्षं नोकरी झाल्यावर मिळणारी वरची वेतनश्रेणी) फरक अजून मिळालेला नाहीये. तालुक्याच्या ऑफिसात दर महिन्याला एक चक्कर ठरलेली, आणि दर वेळी उत्तरही ठरलेलं, "गुरुजी, फाईल वर गेलीय." वर म्हणजे नक्की कुठे हे कुणी सांगत नाही, बाबा विचारत नाहीत, घरी येऊन चहा घेतात आणि म्हणतात होईल गं, माणसं चांगली आहेत.

शेवटी मीच माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, बाबांच्या नावाने, सही त्यांचीच (सही करायला दोन दिवस लावले, उगाच वाकडं घेतील म्हणे). १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ६ जानेवारीला हातोहात दिला, पोचेवर शिक्का आणि तारीख आहे. अर्ज दोन पानी झाला, सात प्रश्न होते. फरक का मिळाला नाही, कोण जबाबदार, कधी मिळणार, तालुक्यातल्या सगळ्या निवृत्त शिक्षकांच्या निवडश्रेणीची यादी, गेल्या दहा वर्षांचं आवक-जावक रजिस्टर, असं सगळं. राग होता डोक्यात, त्यात लिहिलं.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा गेला, काही नाही. फोन केला तर "साहेब ट्रेनिंगला आहेत". मग १९ फेब्रुवारीला पोस्टाने पत्र आलं, आपण मागितलेली माहिती ६१४ पानांची असून प्रतिपान २ रुपयेप्रमाणे १,२२८ रुपये भरावेत म्हणजे माहिती देण्यात येईल. पत्रावर तारीख २ फेब्रुवारी! म्हणजे कागदावर ते मुदतीत बसतात आणि आपण मूर्ख.

आता पैसे भरू का? ३० दिवस उलटले म्हणजे दंड होतो ना त्यांना? की गपचूप नवीन अर्ज टाकू? बाबा म्हणतात सोडून दे.

उन्हातला_माणूस

ताई तुमचे बाबा बरोबर आहेत. मी चार वर्षांपूर्वी एका रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका मागितली होती. उत्तर नाही, पहिलं अपील केलं, सुनावणीला साहेब स्वतःच गैरहजर, दुसरं अपील माहिती आयोगाकडे टाकलं तर दोन वर्षांनी नोटीस आली, तोपर्यंत तो रस्ता उखडून नवीन झाला होता आणि त्यावरही खड्डे पडले होते. कायदा छान आहे, फ्रेम करून भिंतीवर लावा.

कलम_एकोणीस

उन्हातल्या भाऊंचा अनुभव खोटा नाहीये, पण ताईंची केस तिथपर्यंत जायलाच नको अशी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, आधी तो लिफाफा कुठे आहे? पत्र ठेवलंत आणि लिफाफा फेकलात असं नका सांगू. पत्रावरची तारीख ऑफिस टाकतं, लिफाफ्यावरची पोस्ट टाकतं. आता रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे बारकोड असेल तर नंबर टाकून बघा कुठल्या दिवशी बुक झालंय. तुमची अख्खी केस त्या एका तारखेवर आहे.

का ते सांगतो. कलम ७(१) प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३० दिवस. ६ जानेवारीला दिलात, म्हणजे ५ फेब्रुवारीला मुदत संपली. आता कलम ७(३) मध्ये एक पळवाट म्हणा, सोय म्हणा, आहे. मुदतीच्या आत त्यांनी "इतके पैसे भरा" असं पत्र रवाना केलं तर ते रवाना झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये मोजत नाहीत, घड्याळ थांबतं. म्हणूनच पत्रावर २ फेब्रुवारी आलीय, कुणीतरी हिशोब करून टाकलेली तारीख आहे ती. पण कायद्यात शब्द रवाना करण्याचा आहे, लिहून ड्रॉवरमध्ये ठेवण्याचा नाही. रवानगी ५ तारखेनंतरची निघाली की घड्याळ थांबलंच नव्हतं, आणि मग कलम ७(६) लागतं, मुदत टळल्यावर माहिती फुकट द्यावी लागते. १,२२८ सोडा, एक रुपया नाही.

पैसे भरू नका अजून. पण गप्पही बसू नका. सगळ्यात मोठी चूक लोक हीच करतात, आज येईल उद्या येईल म्हणून उत्तराची वाट बघत बसतात. ३० दिवसांत उत्तर नाही म्हणजे कलम ७(२) प्रमाणे तो नकारच समजायचा, आणि नकाराच्या तारखेपासून ३० दिवसांत पहिलं अपील, कलम १९(१). तुमचे ५ फेब्रुवारीपासून ३० दिवस ७ मार्चला संपतात. आज २४ आहे. हाताशी दीड आठवडा आहे फक्त. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो, पण ती माफी त्यांच्या हातात द्यायचीच कशाला.

अपील जोडपत्र 'ब' मध्ये, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प (केंद्राच्या ऑफिसांना पहिल्या अपिलाला फी नाही, आपल्याकडे राज्याच्या नियमात आहे). पत्ता 'प्रथम अपिलीय अधिकारी' असा. त्यांचं पदनाम खरं तर माहिती अधिकाऱ्याने पत्रातच द्यायला हवं. बहुतेक वेळा देत नाहीत, तेही अपिलात लिहा. निकाल ३० दिवसांत, फार तर कारणं नोंदवून ४५ दिवसांत द्यायचा असतो.

दंडाचं विचारलंत. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, कलम २०. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक म्हणजे हा दंड पहिला अपिलीय अधिकारी लावूच शकत नाही, फक्त माहिती आयोग लावतो, तेही अधिकाऱ्याचं म्हणणं ऐकून घेऊन. आणि दुसरी, दंडाचे पैसे सरकारजमा होतात, तुम्हाला मिळत नाहीत. तुमचं नुकसान झालं असेल तर भरपाई वेगळी, १९(८)(ख), ती मागावी लागते. त्यामुळे दंडाच्या मागे लागून मूळ काम विसरू नका.

लिफाफा बघून सांगा.

गप्प_बसा

लिफाफ्यावर चहाचा कप ठेवला नसेल म्हणजे मिळवलं 😄

शाईचा_डाग

मिळाला!!! रद्दीत होता. शिक्का पुसट आहे पण बारकोड नीट आहे, ट्रॅकिंगला टाकला तर १७ फेब्रुवारीला बुक झालंय. स्क्रीनशॉट काढून ठेवला, प्रिंट पण काढली. १७ म्हणजे ४२ वा दिवस ना?

बाबांना दाखवलं. ते म्हणाले "अरेच्चा." एवढंच. पण चष्मा लावून परत एकदा बघितलं त्यांनी.

बारनिशीवाला

ताई मी दुसऱ्या बाजूचा आहे, सदतीस वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीचशी बारनिशीत, म्हणजे टपाल घेणं, नंबर टाकणं, वाटणं आणि शिव्या खाणं. रिटायर झालोय म्हणून मोकळं बोलतो.

जुनी तारीख टाकणं चूकच, त्याचं समर्थन करणार नाही. पण उशीर नेमका होतो कुठे ते सांगतो, कारण ते कळलं तर अर्ज कसा लिहायचा ते कळेल. माहिती अधिकारी म्हणून ज्याचं नाव बोर्डावर असतं त्याच्याकडे ते काम वरचं असतं, मूळ टेबल वेगळंच, आणि निम्म्या वेळा अजून एखाद्या रिकाम्या टेबलाचा कार्यभारही. तुमचा अर्ज आला की तो त्यावर "संबंधितांनी माहिती द्यावी" असं लिहून तीन टेबलांकडे पाठवतो. त्या तिघांना वाटतं की उरलेले दोघं देतील. आणि तुमच्या अर्जात सात प्रश्न, म्हणजे सात वाटा. एका प्रश्नाची माहिती दोन दिवसात हाताशी येते पण उरलेल्या सहांसाठी ती अडकून बसते. बावीस-तेवीसाव्या दिवशी कुणाला तरी आठवतं, मग रजिस्टरची पानं मोजायची, कारण पानं मोजून पैशाचं पत्र काढलं की सुटलो, तेवढे दिवस मिळाले. तुमची ६१४ पानं कुठून आली असतील? दहा वर्षांच्या आवक-जावक रजिस्टरातून. तुमच्या कामाचं त्यात एक पान पण नसेल कदाचित.

कायद्यात यावर उपाय आहे, ५(४) आणि ५(५). माहिती अधिकारी दुसऱ्या कर्मचाऱ्याची मदत मागू शकतो, आणि ज्याच्याकडे मागितली त्याने दिली नाही तर तोच माहिती अधिकारी समजला जातो, दंड त्याच्या डोक्यावर. पण ऑफिसात उद्या त्याच माणसाशेजारी बसून डबा खायचा असतो, म्हणून असं लेखी पत्र कोणी काढत नाही. सगळी मौखिक सूचना.

अजून एक, आपल्या राज्याच्या नियमात २०१२ पासून आहे की अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांतला असावा. लोक भांडतात त्यावर, पण मी सांगतो तो नियम तुमच्याच फायद्याचा आहे. जितका लहान अर्ज तितकी पळायला जागा कमी. "फरक का मिळाला नाही" असं विचारू नका. का, कधी, कोण हे प्रश्न म्हणजे ऑफिसला सुट्टी, "सदर बाब माहितीच्या व्याख्येत येत नाही" हे वाक्य टाईप करून ठेवलेलंच असतं. कागद मागा. कागद असतो किंवा नसतो, तिसरं काही होत नाही.

शाईचा_डाग

काका, म्हणजे नेमकं काय मागायचं? नमुना देता का

बारनिशीवाला

देतो की. असं लिहा: "माझ्या निवडश्रेणी प्रकरणाच्या संपूर्ण नस्तीची, टिपणी भाग व पत्रव्यवहार भागासह, प्रत. सदर नस्ती कोणत्या दिनांकास कोणाकडे गेली व कोणत्या दिनांकास परत आली याच्या नोंदी दर्शविणाऱ्या नोंदवहीच्या संबंधित पानांची प्रत. सध्या नस्ती ज्यांच्याकडे आहे त्यांचे पदनाम." झालं. नस्ती म्हणजे फाईलच. टिपणी भाग विसरू नका, खरी गोष्ट तिथेच असते, साहेब काय म्हणाले, कुणी काय शेरा मारला, कधीपासून पडून आहे. पत्रव्यवहार नुसता मागितलात तर गोड गोड पत्रं मिळतील.

आणि त्याच्यात दप्तर दिरंगाईचा एक ओळ उल्लेख करा. २००५ सालचाच आपल्या राज्याचा कायदा आहे, नाव लांबलचक, बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध वगैरे, त्याच्या कलम १० प्रमाणे कुणाही कर्मचाऱ्याकडे फाईल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. हा कायदा आहे हे ऑफिसातल्या निम्म्या लोकांना माहीत असतं आणि उरलेल्या निम्म्यांना आठवायचं नसतं.

कलम_एकोणीस

बारनिशीकाकांशी ९० टक्के सहमत. एकाच ठिकाणी टोकतो. "का" अजिबात विचारता येत नाही असं नाही. सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय केसमध्ये सांगितलं की जी माहिती रेकॉर्डवर नाही ती नव्याने तयार करून द्यायचं, मत द्यायचं बंधन नाही, बरोबर. (त्याच निकालाने विद्यार्थ्यांना स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क मिळाला, हे लोक विसरतात आणि ऑफिसं फक्त पहिला भाग लक्षात ठेवतात.) पण कायद्याच्या ४(१)(घ) मध्ये लिहिलंय की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला दिली पाहिजेत. बाबा बाधित आहेत. त्यामुळे निर्णय झाला असेल, प्रस्ताव फेटाळला असेल, तर "४(१)(घ) नुसार कारणे" असं मागता येतं. निर्णयच झाला नसेल तर मात्र काकांचं खरं, कागदच मागा.

अर्ज बाबांच्या नावाने आहे हे एकदम उत्तम केलंत. तुमच्या नावाने असता तर "त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती" म्हणून ८(१)(ञ) खाली नाकारला असता. सेवेसंबंधीचे कागद वैयक्तिक माहितीत धरणारा सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा गिरीश देशपांडे निकाल दाखवतात नेहमी, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलम आणखीनच आखूड केलंय, आता नुसतं "वैयक्तिक माहिती" एवढंच. ८(२) मधली सार्वजनिक हिताची वाट उरलीय अजून, पण ती सिद्ध करत बसावी लागते. तुम्ही सगळ्या निवृत्त शिक्षकांची यादी मागितलीत ना, तो प्रश्न याच दगडाला आपटेल. अपिलातून सोडून द्या तो.

रानजाई

मध्येच विचारते, माफ करा. आमच्या हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी हिशोब देत नाहीत, त्यांना माहिती अधिकार लागतो का?

कलम_एकोणीस

थेट नाही. सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण (ज्याला हा कायदा लागतो ते) नाही असा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे, केरळच्या थलप्पलम बँकेचा. पण निबंधकाला कायद्याने संस्थेकडून जी माहिती मागवता येते ती निबंधकाच्या ऑफिसकडे मागू शकता. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं चालू दे.

उन्हातला_माणूस

बरं समजा पहिलं अपील पण यांनी खिशात घातलं. मग? मला तेच हवंय ऐकायला. सतर्क नागरिक संघटन या संस्थेच्या अहवालात बघा, आपल्या राज्याच्या आयोगाकडे लाखाच्या आसपास प्रकरणं तुंबलेली, देशात सगळ्यात जास्त. आयुक्तांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या म्हणजे कायदा न बदलता कायदा मारता येतो. सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये अंजली भारद्वाज यांच्या याचिकेवर सांगितलं की जागा रिकाम्या व्हायच्या आधीच भरायला लागा. लागले का? उलट त्याच वर्षी संसदेने आयुक्तांची पाच वर्षांची ठरलेली मुदत काढून ती केंद्र सरकार ठरवेल असं करून टाकलं, आता तीन वर्षं. माहिती अधिकाऱ्याला ३० दिवस, अपिलाला ४५ दिवस, आणि आयोगाला? दुसऱ्या अपिलाला कायद्यात मुदतच लिहिलेली नाही! सगळ्या साखळीची शेवटची कडीच मोकळी सोडलीय आणि खालच्या साहेबाला ते पक्कं माहितीय. तो का घाबरेल.

कलम_एकोणीस

भाऊ याला माझ्याकडे उत्तर नाही, खरं आहे ते. मुदत नाही, आणि दोन वर्षांनी मिळालेल्या माहितीचा उपयोग वकिलाला होतो, माणसाला नाही. फार तातडीचं असेल तर आयोगाने ठरावीक काळात निकाल द्यावा म्हणून हायकोर्टात रिट टाकतात लोक, पण तो खर्च निवृत्त गुरुजींच्या खिशाला सांगायचा का?

म्हणूनच माझं म्हणणं असतं की लढाई आयोगापर्यंत जाऊच द्यायची नाही, खालीच संपवायची. तरी दुसरं अपील करायची वेळ आलीच तर पहिल्या अपिलाच्या निकालापासून, किंवा निकाल यायला हवा होता त्या तारखेपासून, ९० दिवस आहेत, जोडपत्र 'क', परत २० रुपयांचा स्टॅम्प, आणि आयोगाच्या आपल्या विभागाच्या खंडपीठाकडे पाठवायचं.

एक मोठी चूक मात्र टाळा. बरेच लोक चिडून थेट कलम १८ खाली आयोगाकडे तक्रार करतात, अपील सोडून. तक्रारीत दंड होऊ शकतो पण माहिती द्या असा आदेश आयोग देऊ शकत नाही, २०११ चा मणिपूरचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. दीड वर्ष थांबून सुनावणीला जायचं आणि तिथे कळायचं की आपण चुकीच्या खिडकीवर उभे होतो. माझ्या एका मित्राचं असं झालंय. अजून माझ्याशी नीट बोलत नाही, सल्ला मीच दिला होता 😬

रानजाई

ऑनलाईन टाकलं असतं तर लवकर झालं असतं का?

बारनिशीवाला

राज्याचं पोर्टल आहे, ऑफिस यादीत असेल तर टाका, निदान तारखेचा घोळ होत नाही, सगळं नोंदलं जातं. पण केंद्राच्या पोर्टलवर राज्याच्या ऑफिसचा अर्ज टाकू नका, तो परत येतो आणि फी जाते. आणि ऑनलाईन आलेला अर्ज पण शेवटी प्रिंट काढून त्याच टेबलांवरून फिरतो हो.

ताई, एक अजून सांगायचं राहिलं, आणि हे अपिलापेक्षा लवकर होईल. सोमवारी जा. २०१८ च्या नोव्हेंबरचा सामान्य प्रशासन विभागाचा जीआर आहे, जिल्हा पातळीवरची ऑफिसं आणि स्थानिक संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे. पंचायत समिती त्यात येते. जीआरची प्रिंट हातात घेऊन जा, कारण "असा काही जीआर नाही" हे पहिलं वाक्य असणार. बाबांना बरोबर न्या, फाईल त्यांची आहे. वही पेन न्या. आवाज चढवू नका, जो बसलाय त्याने तुमची फाईल अडवलेली नसते बऱ्याचदा.

शाईचा_डाग

बाबा येतील का माहीत नाही. विचारते.

अपील २ मार्चला देते. लिफाफ्याची झेरॉक्स, ट्रॅकिंगची प्रिंट, पोच, सगळं लावते. मागणी तीनच ठेवते, नस्ती, हालचालीची नोंद, पदनाम. आणि ७(६) प्रमाणे मोफत. चालेल?

कलम_एकोणीस

पळेल. त्यांच्या जावक रजिस्टरचं २ फेब्रुवारी ते १७ फेब्रुवारीचं पान सुनावणीत हजर करावं एवढी एक विनंती अजून टाका. माहिती देण्यात चूक झाली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी १९(५) प्रमाणे त्यांची असते, आपली नाही.

गप्प_बसा

कुणीतरी ४८ तासांवालं कलम लावा सांगेल असं वाटलं होतं

बारनिशीवाला

जीविताचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत माहिती द्यावी लागते, आहे ते. आमच्याकडे एकाने नळ कनेक्शनसाठी लावलं होतं. पाणी म्हणजे जीवन असं अर्जात लिहिलेलं. साहेब दिवसभर हसत होते पण तिसऱ्या दिवशी नळ दिला.

शाईचा_डाग
९ एप्रिल

अपडेट देते म्हणाले नव्हते पण द्यायला हवं.

सोमवारी गेलो, दोघं. बाबा आले! आत गेल्यावर अपेक्षेप्रमाणे "असं काही नसतं मॅडम", मग प्रिंट दाखवली, मग कुणालातरी फोन, मग एक तास बाकावर. साडेचारला फाईल मिळाली. पातळ, एकूण ३१ पानं. त्या ६१४ मध्ये आपली एवढीच, काका बरोबर होते.

टिपणी मी वाचत होते पण मला कळेना, बाबांनी हातातून घेतली आणि दोन मिनिटांत सांगितलं. सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं होतं, तिथून एका वेतनवाढीच्या तारखेवर आक्षेप निघून परत आलं, पूर्तता करून पुन्हा पाठवा असा शेरा. ते परत आल्याला २३ महिने झाले होते. पूर्ततेला लागणारा कागद म्हणजे १९९८ च्या एका प्रशिक्षणाचा आदेश, त्याची प्रत बाबांच्या ट्रंकेत होती. आहे. त्यांना कुणी मागितलीच नाही. फाईल "वर" कधी नव्हतीच, जिथे बाबा दर महिन्याला उभे राहायचे त्या टेबलाच्या मागच्या कपाटात होती.

बाबा तिथे काहीच बोलले नाहीत. बसमध्ये पण नाही.

अपिलाची सुनावणी २७ मार्चला झाली. लिफाफ्याची झेरॉक्स ठेवल्यावर माहिती अधिकारी म्हणाले टपाल तिकिटं संपली होती. अपिलीय अधिकारी पण हसल्या. आदेश झाला, सात दिवसांत मोफत प्रती द्या, पत्र उशिरा रवाना झाल्याचं त्यात नमूद केलंय. प्रती मिळाल्या ३ एप्रिलला, टिपणी भागाची दोन पानं पुसट आलीत पण वाचता येतात. प्रशिक्षणाच्या आदेशाची प्रत लावून सेवापुस्तक पुन्हा पडताळणीला गेलंय, जावक नंबर घेऊन आले. पैसे अजून नाहीत.

उन्हातला_माणूस

२३ महिने कपाटात. आणि तुम्ही तिथेच चहा पाजत असाल त्यांना.

शाईचा_डाग

चहा ते पाजायचे बाबांना. तेच तर.

बारनिशीवाला

पडताळणीला गेल्याची तारीख लिहून ठेवा. दीड महिन्यात हाललं नाही तर तिथे नवीन अर्ज, एकाच विषयाचा, चार ओळींचा. यावेळी सही करायला दोन दिवस नाही लागायचे.

शाईचा_डाग

अर्ज ते स्वतःच लिहितो म्हणालेत. फळ्यावरच्या अक्षरात.